लॉर्ड्सवर जिकनात का हारनात?

१९३२ ते २०२५ या काळात भारताचा पुरुष संघ लॉर्ड्सवर २० कसोट्या खेळला. जिंकल्या ३, हरल्या १३, अनिर्णित ४. पहिल्यांदा हा हिशोब मांडला तेव्हा आकडे खरे वाटेनात, म्हणून एकेक साल घेऊन पुन्हा मोजले. तेच आले.

खरे वाटेनात, कारण माझ्या वयाच्या सगळ्यांच्या डोक्यातलं लॉर्ड्स वेगळंच आहे. तिथल्या बाल्कनीत कपिल देव कायम कप घेऊन उभा असतो आणि गांगुली कायम शर्ट फिरवत असतो. १९८३ ला १८३ धावा करून वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं, २००२ ला १४६ वर ५ गेल्यावर युवराज आणि कैफने ३२५ चा डोंगर उपसला. दोन्ही वनडे, दोन्ही फायनल. दर जून-जुलैत त्यांची रील्स फिरतात, आपण दरवेळी बघतो, दरवेळी अंगावर काटा येतो. मात्र १९५९ किंवा १९६७ च्या लॉर्ड्स कसोटीचं रील कुणी पाठवलंय का कधी?

आमच्या घरी लॉर्ड्स पप्पांमुळे आलं. आम्ही धुळ्याचे, देवपुरात राहतो. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. इंग्लंडमधली कसोटी आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होते, त्यामुळे सकाळची ड्युटी करून आलेल्या माणसाला शेवटची दोन सत्रं आरामात मिळतात. पप्पांचं लॉर्ड्सवर प्रेम असण्याचं निम्मं कारण हेच असावं असं मला वाटतं. आजी साक्रीकडची, अहिराणी बोलायची. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ओट्यावर बसून वाल सोलता सोलता ती एकच विचारायची, "जिकनात का हारनात?" जिंकले की हरले, एवढंच. पप्पा म्हणायचे, "ड्रॉ झाली." मग आजी म्हणायची, "पाच रोज काय करी राह्यनतात मंग?"

पप्पा दहा वर्षांचे असतानाची, १९७४ ची गोष्ट ते अजून सांगतात. पाच कंदिलाजवळच्या एका पानवाल्याकडे रेडिओ होता आणि तो पाटीवर खडूने स्कोअर लिहायचा. त्या सोमवारी संध्याकाळी पाटीवर नुसतं '४२' होतं. जमलेल्या लोकांना वाटलं, पुढचा एकचा आकडा कुणाच्या तरी हाताने पुसला गेलाय. १४२ असणार. पानवाला सांगून दमला की ४२ च आहे आणि सगळे आउट आहेत. १७ ओव्हर्समध्ये खेळ खलास. त्यातल्या १८ धावा एकट्या एकनाथ सोलकरच्या, तो नाबाद. एक डाव आणि २८५ धावांनी हार. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मालिका जिंकून आणलेल्या वाडेकरांच्या घरावर लोकांनी दगड मारले. हे सांगताना पप्पांच्या आवाजात वाडेकरांबद्दल हळहळ असते, पण दगड मारणाऱ्यांबद्दलही थोडी समजूत असते. मला ती खटकते.

खरं तर पहिल्या दिवसापासून हे मैदान आपल्याला असंच वागवत आलंय. भारताची पहिलीवहिली कसोटी लॉर्ड्सवरच झाली, २५ जून १९३२ ला. निसार आणि अमरसिंगनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ करून टाकली होती. भारताच्या कसोटी इतिहासातला पहिला चेंडू खेळला जनार्दन नवले यांनी, पुण्याजवळच्या फुलगावचे. शेवटी १५८ धावांनी हरलो. १९८६ पर्यंत तिथे दहा कसोट्या झाल्या होत्या, आठ हरलेल्या, दोन अनिर्णित. त्या दोनपैकी १९७१ ची पप्पांच्या मते आपण जिंकल्यातच जमा होती, पावसाने घात केला. जिंकायला ३८ हव्या होत्या आणि दोनच विकेट शिल्लक होत्या, म्हणजे इंग्लंडवालेही नेमकं हेच म्हणत असणार. खान्देशात जुलैच्या पावसाला शिव्या देणारा माणूस मी पप्पांशिवाय दुसरा पाहिलेला नाही.

मैदान तसं विचित्रच. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळजवळ अडीच मीटरचा उतार आहे. पॅव्हिलियनकडून टाकलेला चेंडू उजव्या हाताच्या बॅट्समनला आत येतो, पलीकडच्या टोकाकडून टाकलेला बाहेर जातो. पांझरेच्या काठी आमच्या गल्लीतली पोरं खेळायची ती जागाही अशीच उतरती होती, पण तिला कुणी क्रिकेटची पंढरी म्हटलं नाही.

तिथल्या ड्रेसिंग रूममध्ये एक फळा असतो, ऑनर्स बोर्ड. कसोटीत शतक केलं किंवा डावात पाच विकेट घेतल्या की त्यावर नाव चढतं. गावसकरांचं त्यावर शतक नाही, तेंडुलकरचं नाही, कोहलीचं नाही. अजित आगरकरचं आहे. २०२५ पर्यंत भारतीयांची तिथे १३ कसोटी शतकं झाली. मी ती निकालाप्रमाणे वेगळी केली, तर जिंकलेल्या सामन्यांत फक्त ३ निघाली: वेंगसरकर १९८६, रहाणे २०१४, राहुल २०२१. अनिर्णित सामन्यांत ३. उरलेली ७ हरलेल्या सामन्यांत. आगरकरचं नाबाद १०९ हरलेल्या सामन्यातलं. द्रविडचं नाबाद १०३ हरलेल्यातलं. फळ्यावर नाव आहे, धावा आहेत, साल आहे. सामना कोण जिंकलं ते त्यावर लिहीत नाहीत.

या सातांतलं पहिलं नाव विनू मांकड यांचं, आणि माझ्या लेखी लॉर्ड्सवरची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, १९८३ धरूनसुद्धा. १९५२ साली मांकड भारताच्या दौऱ्यावर नव्हतेच. ते लँकेशायरमधल्या हॅसलिंग्डन क्लबसाठी पगारावर खेळत होते. हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावात शून्यावर चार विकेट गेल्या, तेव्हा क्लबकडून त्यांना मागून घेण्यात आलं. आल्या आल्या ओपनिंगला ७२. मग ७३ ओव्हर्स टाकून ५ विकेट. त्यानंतर पुन्हा ओपनिंगला जाऊन १८४. आणि इंग्लंडला जिंकायला ७७ करायच्या होत्या, तर त्यातही २४ ओव्हर्स. एका सामन्यात ९७ ओव्हर्स आणि २५६ धावा! इंग्लंड आठ विकेटने जिंकलं, तरी लोक त्या कसोटीला मांकडची कसोटीच म्हणतात. आज मात्र पोरांना मांकड माहीत आहेत ते बॉलरच्या बाजूच्या रनआउटमुळे. २०२२ मध्ये झुलन गोस्वामीच्या शेवटच्या सामन्यात दीप्ती शर्माने चार्ली डीनला तसं आउट केलं, तेही लॉर्ड्सवरच, आणि आपण १६ धावांनी जिंकलो. मग आठवडाभर मांकड यांचं नाव चर्चेत होतं, त्या १८४ चं नाही.

१९८६ ची पहिली जिंकलेली कसोटी पप्पांना तोंडपाठ आहे. वेंगसरकर नाबाद १२६, लॉर्ड्सवरचं सलग तिसरं शतक, परदेशी खेळाडूंत असं करणारे ते पहिले. शेवटी कपिलचा सिक्सर. जे पप्पांना ठाऊक नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. त्याच १९८६ मध्ये आपला महिला संघही इंग्लंडमध्ये होता आणि डायना एडुल्जींना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये जाऊ दिलं नव्हतं. बाई म्हणून. एडुल्जींनी मग त्या क्लबच्या नावावर एक झणझणीत विनोद करून ठेवला. १७८७ च्या त्या क्लबमध्ये पहिल्या महिला सभासद आल्या १९९९ ला. मी तेव्हा तीन वर्षांची होते.

२३ जुलै २०१७, रविवार. मी जळगावला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर. मेसमधल्या टीव्हीसमोर चाळीसेक मुली होत्या, त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मॅच बघायला घेतली होती. वर्ल्ड कपची फायनल, लॉर्ड्स खच्चून भरलेलं. २२९ हवे होते. सांगलीची स्मृती शून्यावर गेली तेव्हा मेसमध्ये भांड्यांचा आवाजही थांबला. मग पूनम राऊत आणि हरमनप्रीत. पूनम शांतपणे एक-एक, दोन-दोन काढत होती आणि माझ्या शेजारची चोपड्याची मुलगी, जिला एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते मी अर्ध्या तासापूर्वी समजावलं होतं, तीच प्रत्येक अपीलला ओरडत होती, "बाहेर पडला भो तो, बाहेर!" ३ बाद १९१. पूनम ८६ वर एलबीडब्ल्यू झाली. त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. रेक्टर मॅडमनी ठरल्या वेळी टीव्ही बंद केला, उरलेला खेळ एका फोनभोवती अकरा डोकी घालून पाहिला. २८ धावांत सात विकेट. ९ धावांनी हार.

घरी फोन केला. पप्पांनी सगळी मॅच बघितली होती. म्हणाले, "हरल्या ना शेवटी. १९१ ला तीन असताना हरतात होय कुणी?"

मला पूनमच्या ८६ बद्दल बोलायचं होतं. बोलले नाही. त्याच मेसमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या रांगेत सगळ्या पूनम, झुलन, दीप्तीबद्दलच बोलत होत्या. आडनावांसकट, ओळखीच्या असल्यासारख्या. हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्तीने अखेर २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्ड कप उचलला. पूनम तेव्हा संघात नव्हती.

मी एम.एस्सी. झाले आणि राज्यसेवेच्या मागे लागले. जळगावात अभ्यासिकेत खुर्ची घेतली. पूर्व निघते, मुख्य कधी निघते कधी नाही, मुलाखतीपर्यंत एकदा गेले आणि थोड्या मार्कांनी राहिले. अभ्यासिकेतल्या कुणालाही 'राहिले' याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाहेर मात्र लागतो. लग्नात, दहाव्याला, एरंडोलच्या स्टँडवर चहा घेताना भेटलेल्या लांबच्या काकांनाही एकच हवं असतं, "पोस्ट निघाली का?" आजीचाच प्रश्न. फक्त आजी विचारायची तेव्हा हसू यायचं.

१४ जुलै २०२५ ला मी धुळ्यात होते. सोमवार, आईची संकष्टी. लॉर्ड्सवर पाचवा दिवस, १९३ हवे होते. दोन्ही संघांचे पहिले डाव ३८७ वर संपलेले, म्हणजे सगळं कोरं करून पुन्हा सुरुवात. ७ बाद ८२ झाल्यावर पप्पा उठून गच्चीवर गेले. लंचला ८ बाद ११२ झाल्यावर परत आले, कारण जडेजा होता. बुमराहने ५४ चेंडू खेळून ५ धावा केल्या. मी आजवर पाहिलेल्या पाच धावांपैकी या सगळ्यात महाग. तो गेला, सिराज आला. टी-टाइमला ९ बाद १६३. आई चंद्राची वाट बघत होती आणि आम्ही तीस धावांची.

पप्पांचं चालूच होतं. "मारायला पाहिजे आता. नुसतं उभं राहून काय होणार?"

"मारून आउट झाला तर?"

"झाला तर झाला. निकाल तर लागेल. समोरचे सगळे गेले आणि हा आपला एका बाजूने खेळतोच आहे, खेळतोच आहे."

ते जडेजाबद्दलच बोलत होते. बहुतेक. मी वळून त्यांच्याकडे बघितलं नाही. आईने मात्र स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे बघितलं आणि ते गप्प झाले.

रात्री नऊ वाजून गेल्यावर, बोट मोडलेल्या बशीरचा एक चेंडू सिराजने अगदी व्यवस्थित, बॅटच्या मधोमध अडवला. चेंडू खाली पडला, मागे फिरला, रेंगाळत स्टंपवर गेला आणि एक बेल पडली. १७०. २२ धावांनी हार. सिराज तिथेच खाली बसला. जडेजा १८१ चेंडूंत नाबाद ६१, शतक नाही म्हणून फळ्यावरही नाही. पप्पांनी टीव्ही बंद केला नाही. इंग्लंडचे खेळाडू सिराजजवळ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत होते, ते त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. चंद्र ढगाआड होता. आईने अंदाजाने नैवेद्य दाखवला आणि आम्ही जेवायला बसलो. जेवताना कुणीच क्रिकेट काढलं नाही.

दोन आठवड्यांनी, २७ जुलैला मी अभ्यासिकेत होते. मँचेस्टरला चौथ्या कसोटीचा शेवटचा दिवस. भारत हरणार असं सकाळी सगळे धरून चालले होते. जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी दिवस खेळून काढला. स्टोक्स हात मिळवायला पुढे आला तरी हे दोघे थांबले नाहीत, दोघांची शतकं झाली, जडेजा पुन्हा नाबाद, १०७. सामना अनिर्णित. फोन सायलेंटवर होता. बाहेर जिन्यात जाऊन बघितलं तर पप्पांचे तीन मिस्ड कॉल.

लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बघितलं का?" म्हणाले. "हेच याला लॉर्ड्सवर का नाही सुचलं?"

"पप्पा, तिथेही तो हेच करत होता."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. "बरं," ते म्हणाले, "जेवलीस का?"