स्थळपाहणी

राऊटर, विजेचे मीटर, कारखान्यातली नियंत्रणयंत्रे अशा अल्पस्वल्प देहाच्या उपकरणांसाठी लिनक्स बांधण्याचा व्यवसाय ज्यांनी पत्करला आहे, त्यांना बिटबेक या कारभाऱ्याची ओळख करून द्यायला नको. 2010 साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जाहीर झालेल्या योक्टो प्रकल्पात हाच गृहस्थ शेकडो पॅकेजांचे मूळ स्रोत आणतो, उलगडतो, त्यांवर पॅच चढवतो आणि एका धिप्पाड इंटेल यंत्रावर बसून तळहाताएवढ्या आर्म पाटीसाठी ते कंपाइल करतो. मात्र कुठे काही मोडले, की लॉगचा पत्ता हाती ठेवून मोकळा होतो. त्या लॉगवरून निदान करणे म्हणजे कचेरीत बसून, कैफियतीच्या कागदांवरून, शिवेच्या तंट्याचा निकाल देणे होय. क्वचित साधते, बहुधा फसते.

मामलेदाराने स्वतः बांधावर जाऊन उभे राहावे, तशी सोय बिटबेकने ठेवली आहे, हे त्याचे माझ्यावरचे मोठे उपकार. पॅकेजच्या नावापुढे ‘-सी डेव्हशेल’ एवढा हुकूम लिहिला, की एक नवी टर्मिनल उघडते आणि ती मिटेपर्यंत बिटबेक मुकाट थांबून राहतो. दिसायला ती रोजचीच. परंतु आत आपण पॅच चढलेल्या स्रोतात उभे असतो, आणि कंपायलर कोणता, हेडर कोणत्या सिसरूटमधून घ्यायचे, लिंकरला कोणती कलमे लावायची, हे खुद्द बांधणीला मिळालेले सारे फर्मान आपल्याही हाती असते. आपल्या नेहमीच्या टर्मिनलमध्ये तेच पॅकेज निमूटपणे बांधले जाते, आणि घोटाळा इथेच होतो. कारण तिथे घरच्या जीसीसीची आणि घरच्या हेडरांची सुबत्ता असते, जी बांधणीच्या वाट्याला यायला नको असते.

एक लहानशी लायब्ररी अशीच अडली होती. कंपाइल सुरळीत, लॉग निष्पाप, आणि पॅकेज बांधताना गुणवत्ता-तपासणीने आक्षेप घेतला की आर्किटेक्चर जुळत नाही. मेकफाइलने प्रत्येक ओळीपुढे ‘@’ लावून आपले हुकूम झाकलेले, त्यामुळे लॉगात शोधायचे तरी काय? डेव्हशेलमध्ये ‘सीसी’ हे चल छापून पाहिले, तर ‘आर्म-पोकी-लिनक्स-ग्नूएबी-जीसीसी’ने सुरू होणारी, सिसरूटच्या लांबलचक वाटेने संपणारी ओळ शहाण्यासारखी हजर होती. मग ‘मेक क्लीन’, पुन्हा ‘मेक’, आणि तयार झालेल्या वस्तूवर ‘फाइल’ ही आज्ञा. उत्तर आले, एक्स86-64! मेकफाइलच्या माथ्यावर कुणीतरी ‘सीसी = जीसीसी’ असे ठाम लिहून ठेवले होते, आणि मेकफाइलमधली नेमणूक पर्यावरणातल्या नेमणुकीवर मात करते. पूर्वी बिटबेक मेकला ‘-ई’ हा पर्याय देऊन ही मात उलटवीत असे. 2016 च्या योक्टो 2.1 आवृत्तीपासून तो आपसूक देणे बंद झाले, आणि असे कित्येक जुने दोष उजेडात आले. बरेच झाले, असे माझे मत. बरोबरीच्या चिन्हाआधी एक प्रश्नचिन्ह घातले आणि तपास आटोपला.

आता मोह एवढाच, की जागच्या जागी दुरुस्ती झाली म्हणून खिडकी मिटावी. पण ती कार्यनिर्देशिका मुक्कामाची जागा आहे, वतन नव्हे. ‘क्लीनसस्टेट’ची एक फेरी पडली की सगळे साफ. म्हणून फरक काढून त्याचा पॅच रेसिपीच्या दप्तरी जमा करावा, आणि त्याच्या माथ्यावर ‘अपस्ट्रीम-स्टेटस’ची ओळ प्रामाणिकपणे भरावी. ‘पेंडिंग’ लिहायची सर्वांनाच घाई असते. प्रश्नचिन्हाएवढी दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवून ‘सबमिटेड’ लिहायला फारसा वेळ लागत नाही.