पेशी जिथे असते तिथलं तापमान

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हेला पेशींचं विभाजन मायक्रोस्कोपखाली रात्रभर टिपायचं काम माझ्याकडे होतं. या पेशी माणसाच्या, त्यांना 37 अंश सेल्सिअसची ऊब लागते. डिशखालची तापणारी चौकट बरोबर 37 दाखवायची, तरीही विभाजन रेंगाळायचं. साधारण तासाभरात उरकणाऱ्या कामाला कितीतरी जास्त वेळ लागायचा. पेशींना संसर्ग झालाय की माध्यम खराब आहे, यावर आमच्या चर्चा रंगायच्या.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “चौकटीचं तापमान कळलं. पेशींचं किती आहे?”

केसासारखं बारीक थर्मोकपल डिशच्या तळाशी, लेन्सच्या अगदी वर टेकवलं. आकडा 34च्याही खाली उतरला.

कारण समोरच होतं. शंभरपट मोठं दाखवणारी लेन्स तेलाच्या थेंबातून काचेला चिकटलेली असते. ती काच जेमतेम 0.17 मिलिमीटर जाड. एसीच्या खोलीत गार झालेली ती धातूची जड लेन्स काचेतून उष्णता ओढत राहते. बाकी डिश उबदार राहते आणि आपण पाहतो त्याच पेशी गारठतात. गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे सूक्ष्मनलिकांचे धागे थंडीला फार हळवे असतात. 4 अंशांना तर त्यातले बरेचसे विरघळून जातात.

मग लेन्सभोवती तापणारा पट्टा बसवला, एसीचा झोत वळवला, सगळा मायक्रोस्कोप उबदार पेटीत बंद केला. प्रयोगाच्या आदल्या रात्रीच पेटी सुरू करायची, हा नियम झाला. घाई केली तर फोकस हलतो: 10 सेंटिमीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनिअम एका अंशाने तापलं तरी दोन मायक्रोमीटरहून जास्त वाढतं आणि तेवढ्यात पेशी धूसर होते.

आता नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा थर्मोकपल लावायला शिकवते. नोंदवहीत नुसतं ‘37 अंश’ लिहिलेलं मला चालत नाही; कुठे मोजलं आणि तेव्हा लेन्स काचेला लागलेली होती का, तेही हवं. कर्करोगावरची काही औषधं विभाजन लांबवतात आणि गारठाही लांबवतो. तापमान मोजलं नसेल, तर पडद्यावर दिसणारी दिरंगाई औषधाची की थंडीची, हे कुणालाच सांगता येणार नाही.