बोटीची बॅटरी आणि माझी एक अर्धवट बातमी

काही वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती. आपल्या बंदरातली एक नौका रात्रभर संपर्काबाहेर. मथळा दिला, 'यंत्रणा झोपेत'. सकाळी दुसऱ्या बोटीने तिला ओढून आणलं, सगळे खलाशी सुखरूप. बातमी गाजली. आठवड्याने तांडेल चहाच्या टपरीवर भेटला. हळूच म्हणाला, "भाऊ, यंत्रणेचं काय नव्हतं. बॅटरी उतरली. इंजिन घेईना, वायरलेस पण बंद." हे मी कधी छापलं नाही. आज लिहितोय.

आठवण झाली, कारण परवा मेव्हण्याबरोबर बॅटरी बघायला गेलो होतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, बोट शाकारलेली, बॅटरी तशीच पडून. लेड-ॲसिड बॅटरी न वापरताही उतरत जाते. तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती पूर्ण चार्जच होत नाही.

मेव्हणा म्हणाला, "भावजी, ट्रकची घेऊया. सगळे तीच घेतात."

ट्रकची बॅटरी इंजिन मारायला उत्तम. पातळ प्लेटा, काही सेकंद भरपूर करंट. पण इंजिन बंद ठेवून नांगरावर रात्रभर दिवे चालवायला ती बनलेली नाही. इन्व्हर्टरची ट्युब्युलर हे काम करते, पण ती घरात एका जागी ठेवायची वस्तू. बोट हलली की ॲसिड सांडायची भीती. सीलबंद एजीएम सांडत नाही, हादरे सोसते, पण महाग. लिथियम हलकी, टिकाऊ, आणखी महाग. शिवाय इंजिनावरचं चार्जिंग तिला जुळणारं हवं.

मग दुकानातच हिशेब मांडला. दिवे, जीपीएस, वायरलेस मिळून 5 अँपिअर धरले, तर 10 तासांचे 50 अँपिअर-तास. लेड-ॲसिड अर्ध्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, म्हणून किमान 100 ची हवी. शेवटी ठरलं : इंजिनाला वेगळी ट्रकची, दिवे-वायरलेसला वेगळी एजीएम, मध्ये स्विच. म्हणजे रात्री एक उतरली तरी सकाळी इंजिन सुरू होणार. जुनी परत दिली, तेवढे पैसे वजा झाले. तरी खर्च जड गेलाच. डिझेलची उधारी असताना हा खर्च पुढच्या हंगामावर ढकलावासा वाटतो, यात नवल नाही.

मुद्दा इथेच आहे. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये देशभरातल्या 1 लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. चांगलंच झालं. पण मी पाहिलेल्या तपासण्यांमध्ये लाइफ जॅकेट मोजली गेली. बॅटरीला मीटर लावताना मला कुणी दिसलं नाही. यंत्र कितीही भारी असू दे, खाली वीज नसेल तर तो नुसता डबा.

मच्छीमार सोसायट्यांना एवढंच सांगणं : एक मल्टिमीटर घ्या. जुलैअखेर प्रत्येक बोटीची बॅटरी चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मोजा. 12.6 च्या वर असेल तर ठीक. 12.2 च्या आसपास आली तर चार्ज टिकत नाही, असं समजा. आकडा बरा असला तरी जुन्या बॅटरीची दुकानात लोड टेस्ट कराच.

आणि माझ्यासारख्यांनी 'यंत्रणा झोपेत' लिहिण्याआधी एकदा तांडेलाला विचारावं.

तुमच्या बोटीवर कुठली बॅटरी आहे, किती हंगाम चालली? खाली लिहा. इतरांना उपयोग होईल.