साष्टीची प्रदक्षिणा

बेट म्हटले की निळ्या समुद्रात एकाकी उभा असलेला हिरवा डोंगर डोळ्यांपुढे येतो. पवईला राहणाऱ्या माणसाला ‘तुम्ही बेटावर राहता’ असे कोणी सांगितले, तर तो बहुधा हसेल. त्याला तलाव दिसतो, टेकड्या दिसतात, उंच इमारती दिसतात; समुद्र मात्र कुठेच दिसत नाही. तरीही पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी अशा पाण्याने वेढलेली ही डोंगराळ भूमी म्हणजे साष्टी बेट होय. येथे पूर्वी सहासष्ट गावे होती, म्हणून ‘षट्षष्टी’ आणि त्यावरून ‘साष्टी’, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात.

पवईतच वाढलेल्या एका तरुणाने या बेटाला सायकलवरून एकट्याने वळसा घालायचे ठरविले, त्याला एक जुने कारण होते. 26 जुलै 2005 रोजी तो बारा वर्षांचा होता. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याचे वडील कुर्ल्याच्या एका कारखान्यात कामाला होते. त्या रात्री ते घरी आले नाहीत. आई दिवा लावून खिडकीशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले ते अनवाणी, छातीपर्यंत चिखलाने माखलेले. “आपल्या पवईचे पाणी माझ्याआधी कुर्ल्याला पोहोचले होते,” एवढेच बोलून ते झोपी गेले. ते वाक्य मुलाच्या मनात रुतून बसले. हे पाणी पुढे गेले तरी कुठे, आणि गेले तर मग कुर्ल्यात थांबले का?

पौषातल्या एका रविवारी पहाटे साडेचार वाजता तो निघाला. आईने दशम्या बांधून दिल्या. वडिलांनी सायकलची चाके बोटांनी दाबून पाहिली आणि विचारले, “एकटाच जाणार?”

“सोबत असली म्हणजे गप्पा होतात, बाबा. पाहणे राहून जाते.”

भांडुप, मुलुंड आणि ठाणे ही गावे अंधारातच मागे पडली. दिव्यांच्या रांगा, दुधाच्या गाड्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांपलीकडे तेथे विशेष काही दिसले नाही. उजाडले ते घोडबंदरच्या रस्त्यावर. डाव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उजव्या हाताला वसईची खाडी! या डोंगरांच्या कुशीत कान्हेरीची लेणी आहेत, बिबट्यांचा वावर आहे आणि विहार व तुळशी हे तलाव आहेत. तुळशीचे पाणी भरून वाहू लागले म्हणजे ते विहारात उतरते. विहार आणि पवई भरून वाहू लागले म्हणजे मिठी नदी फुगते. पवईचा तलाव 1890 च्या सुमारास शहराची तहान भागविण्यासाठी बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. तहानलेल्या माणसांसाठी बांधलेल्या तलावाच्या नशिबी असे यावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

गायमुखच्या चढणीवर त्याच्या मागच्या चाकातली हवा गेली. अवजड मालमोटारी एवढ्या जवळून जात होत्या, की प्रत्येक वेळी सायकल थरथरे. रस्त्याच्या कडेला बसून त्याने ट्यूब बाहेर काढली. छिद्र काही केल्या सापडेना. शेवटी त्याने पिण्याचे पाणी ट्यूबवर थोडे थोडे ओतले आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहिले. ठिगळ बसले, पण बाटली रिकामी झाली. तेथे क्षणभर त्याला परत फिरावेसे वाटले. मागे ठाणे होते, दुकाने होती, घरी नेणारी आगगाडी होती. पुढे चढण होती. त्याने सायकल हातात धरली आणि कोरड्या घशाने ती चढण पायीच चढून गेला.

माथ्यावरून घोडबंदरच्या बाजूला उतरताना थंड वारा अंगाला झोंबला, आणि खालच्या एका टपरीवर त्याला पाणी मिळाले. त्या पाण्याची चव तो अजून सांगतो. घोडबंदर हे अरबी घोड्यांच्या व्यापाराचे जुने बंदर. तेथे पोर्तुगीजांनी किल्लाही बांधला होता. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि 1774 च्या अखेरीस ती इंग्रजांनी घेतली. या खाड्यांवर ज्याची सत्ता, त्याचेच हे बेट, हे त्या काळच्या सर्वच राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते.

भाईंदरची मिठागरे ओलांडून तो उत्तनला पोहोचला, तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातले होते. तेथे एका वृद्ध कोळणीने त्याची धुळीने भरलेली सायकल पाहून विचारले, “कुठून आलास, पोरा?”

“पवईहून, मावशी.”

“आणि जाणार कुठे?”

“पवईलाच.”

“मग घरून निघालास तरी कशाला?” ती खळखळून हसली. बेटाला वळसा घालतो आहे, असे त्याने सांगितले, तेव्हा तिने मान हलविली. “बेट आमचं! तू तर मुंबईचा!”

पूर्वी उत्तन, गोराई आणि मनोरी ही पट्टी धारावी नावाचे निराळे बेट मानली जाई. तेव्हा मावशींचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

मनोरीहून सायकलसह तो मचव्यात चढला आणि मार्व्याला उतरला. मढहून दुसऱ्या मचव्याने वेसावे गाठले. दोन्ही खाड्या इतक्या अरुंद, की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू यावा. पण मचवा नसेल, तर त्याच काठासाठी कित्येक मैलांचा फेरा पडतो.

वांद्रे ओलांडून तो माहीमच्या खाडीवर आला, तेव्हा दिवस कलला होता. हा रस्ता 1845 मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून झाला. त्यापूर्वी येथेही होडीनेच पलीकडे जावे लागे. तो कठड्याशी सायकल लावून उभा राहिला. खाली मिठीचे काळपट पाणी होते. भरतीची वेळ होती. नदी समुद्राकडे जात नव्हती. समुद्रच नदीत शिरत होता. काठावरचा कचरा उलटा, कुर्ल्याच्या दिशेने, सावकाश चालला होता. त्या जुलै महिन्यातही पाऊस आणि भरती एकाच वेळी आली होती, आणि नदीचे पात्र तर भराव घालून माणसांनीच अरुंद केलेले होते. डोंगराकडून आलेल्या पाण्याला दारच बंद होते. तो बराच वेळ ते पाहत राहिला. मागून एक हवालदार म्हणाला, “काय हरवले आहे का, भाऊ?” तेव्हा तो भानावर आला.

शीव, कुर्ला आणि साकीनाका या वाटेने तो घरी निघाला. वडील त्या रात्री याच वाटेने आले होते. कुर्ल्याच्या पुलावर त्याने सायकलचा वेग कमी केला, पण तो थांबला नाही.

सुमारे शंभर किलोमीटरचा फेरा करून रात्री आठच्या सुमारास तो पवईला परतला. वडील फाटकाशीच उभे होते.

“पाहिलेस?”

“पाहिले, बाबा. भरती होती.”

वडिलांनी मान डोलावली. मग खाली वाकून त्यांनी मागचे चाक दाबून पाहिले. “हवा कमी आहे,” असे म्हणत ते पंप आणायला आत गेले.