झोपेची रुंदी

जुन्या अमेरिकन ट्रकांचे जतन करणाऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार येतो आणि वरकरणी तो लोहारकामाचाच वाटतो: दिवसापुरत्या केबिनला मागून झोपण्याची पेटी जोडावी की न जोडावी. या पेटीला तिकडे 'स्लीपर' म्हणतात. चालकाच्या आसनामागे, केबिनच्या पाठीला लागून बसवलेली, आत गादी असलेली ती एक बंदिस्त खोली असते, मात्र तिला खोली म्हणणे हा बहुतेक वेळा तिचा सन्मानच ठरतो. जिला अशी पेटी नाही ती 'डे कॅब', म्हणजे सकाळी निघून रात्री घरी परतणाऱ्या चालकाची केबिन. मॅक कंपनीने १९५३ ते १९६६ या काळात बांधलेल्या, गोलसर कपाळाच्या आणि बुटक्या छपराच्या 'बी' मालिकेतल्या लाखाहून अधिक ट्रकांपैकी पुष्कळसे याच जातीचे होते. आज त्यांतले जे उरले आहेत ते माल वाहत नाहीत. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटीसारख्या संस्थांच्या मेळाव्यांना ते जातात, त्यासाठी शेकडो मैल चालवले जातात, आणि मग वाटेत मुक्काम कुठे करायचा या साध्या अडचणीतून मालकाच्या मनात स्लीपरचा विचार येतो. ही अडचण मूळ ट्रकच्या काळीही होतीच, फक्त त्या वेळी ती हौसेची नव्हती.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा रस्ता साधारण साडेचार हजार किलोमीटरांचा, आणि माल थांबला की भाडे थांबते. १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे ट्रकवाहतुकीचे नियमन सोपवले आणि त्या दशकाच्या अखेरीस चालकाने सलग किती तास गाडी हाकावी, मध्ये किती विश्रांती घ्यावी, याची बंधने आली. या बंधनांतूनच स्लीपरला त्याचे खरे मोल मिळाले. एक चालक गाडी हाकत असताना दुसरा मागच्या पेटीत झोपला, तर ती झोप कायद्याच्या हिशेबात विश्रांती म्हणून धरली जाते, गाडी चालूच राहते आणि चाकांना विसावा द्यावा लागत नाही. मात्र झोपेची जागा नियमात बसणारी असली पाहिजे. म्हणजे स्लीपर हे जितके अंथरूण आहे तितकेच ते हिशेबाच्या वहीतले एक कलमही आहे, आणि विश्रांती म्हणजे नेमके काय हे ठरवण्याचे काम अखेर मोजपट्टीकडे आले.

ती मोजपट्टी वाचण्यासारखी आहे. १९५३ पूर्वी बसवलेल्या बर्थची आतली लांबी किमान ७२ इंच, रुंदी १८ इंच आणि गादीच्या पृष्ठापासून छतापर्यंतची उंची १८ इंच असली की नियमाचे समाधान होई. १८ इंच म्हणजे जेमतेम ४६ सेंटिमीटर, अंगापिंडाने भरलेल्या माणसाच्या खांद्यांच्या रुंदीपेक्षाही कमी. अशा जागेत कूस बदलायची तर आधी बेत आखावा लागतो. १९५३ पासून ही मापे ७५, २१ आणि २१ इंचांवर गेली आणि १ ऑक्टोबर १९७५ पासून ७५, २४ आणि २४ इंचांवर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण काटकसरीचा उपदेश म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. इथे ती शब्दशः खरी झाली आणि अंथरूण किती असावे हे पाय पसरणाऱ्याला विचारले गेले नाही. चालकांनी या अरुंद पेटीला 'कॉफिन', म्हणजे शवपेटी, असे नाव दिले होते. ते गमतीने दिले असेलही, पण त्या गमतीला चांगलाच आधार होता: १९६३ पूर्वी बसवलेल्या बर्थमधून केबिनमध्ये उतरण्याचे भोक २४ इंच लांब आणि १६ इंच रुंद असे लंबवर्तुळ मावेल एवढे असले तरी चाले. त्यानंतरच्या बर्थसाठी ते किमान ३६ इंच रुंद आणि १८ इंच उंच असावे असे ठरले. चालकाच्या कक्षात थेट वाट नसलेल्या जुन्या पेट्यांत, झोपलेल्याला काही झाले तर पुढच्याला कळावे म्हणून दूरध्वनी, बोलण्याची नळी, घंटी किंवा ओढायची दोरी यांपैकी काहीतरी असणे बंधनकारक होते. आणि गाडी एकाएकी थांबली तर झोपलेला माणूस पुढे फेकला जाऊ नये म्हणून पट्टा किंवा जाळी हवी, तिने ६,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे २,७०० किलो वजनाइतका जोर पेलला पाहिजे, ही अट १९७१ मध्ये आली. त्याआधीची सगळी वर्षे मागचा माणूस पुढच्याच्या ब्रेकवर भरवसा ठेवून झोपत होता.

पेटी इतकी लहान का राहिली, याचे उत्तर निर्दयपणात शोधण्यापेक्षा फुटाफुटांच्या हिशेबात शोधणे जास्त फलदायी आहे. निरनिराळ्या राज्यांनी ट्रक आणि त्याच्या मागची ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा घातलेल्या होत्या; त्यामुळे केबिनसाठी वापरलेला प्रत्येक इंच मालाच्या जागेतून कापला जात असे. याच गणितामुळे बोनेट नसलेल्या, इंजिनावरच बसवलेल्या चपट्या तोंडाच्या केबिनींची चलती झाली. १९८२ च्या भूपृष्ठ वाहतूक साहाय्य कायद्याने राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यावर अशी एकूण लांबीची मर्यादा घालण्यास राज्यांना मनाई केली, ट्रेलरची लांबी तेवढी मोजायची ठेवली, आणि मग लांब नाकाचे ट्रक परतले, त्यांच्या पाठीमागे माणूस उभा राहू शकेल असे स्लीपर वाढू लागले. तंत्र आधीही उपलब्ध होते. झोपेला जागा मिळाली ती मोजण्याची पद्धत बदलल्यावर.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक दशके कारखान्याच्या दारातून पुष्कळ गाड्या बाहेर पडत त्या नुसत्या चासीच्या रूपात, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके आणि 'काउल' नावाचा दर्शनी पत्रा एवढ्याच. डोक्याला फडके गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून उघड्यावर बसून ती चासी दूरच्या गावी नेणारा चालक हे महामार्गावरचे नेहमीचे दृश्य होते. केबिन बांधायची ती बॉडीवाल्याने, लाकूड आणि पत्रा वापरून, गिऱ्हाइकाच्या सांगण्यानुसार. आसनामागची आडवी फळी, जिच्यावर क्लीनर पाय मुडपून झोपतो, ही त्याच कारागिराची देणगी. खरी झोप मात्र ट्रकच्या बाहेर, ढाब्याच्या अंगणातल्या बाजेवर होत असे. अमेरिकेत अंथरूण चालकाबरोबर प्रवास करत होते; इथे ते रस्त्याच्या कडेला त्याची वाट पाहत होते, आणि निदान त्याला आभाळाएवढी उंची होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनींना वातानुकूलन सक्तीचे झाले, तेव्हा सरकारी नियमाने केबिनच्या आतल्या माणसाच्या उकाड्याची दखल घेतली असे म्हणता येईल.

जुन्या ट्रकला स्लीपर जोडण्याचे प्रत्यक्ष काम सुरू होते ते केबिनच्या मागे चासीवर किती जागा मोकळी आहे हे मोजण्यापासून. ट्रेलर जिच्यावर टेकते आणि फिरते त्या ग्रीस लावलेल्या लोखंडी तबकडीला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. ती फार पुढे असेल तर वळणावर ट्रेलरचा कोपरा थेट स्लीपरच्या पाठीवर येतो, आणि ती मागे सरकवावी तर पुढच्या धुरीवरचा भार घटून सुकाणू हलके पडते. उरतो तो मार्ग चासी लांबवण्याचा, पण चासीचे दोन लांब तुळईवजा दांडे उष्णतेचे संस्कार देऊन कडक केलेले असतील, तर वेल्डिंगच्या आचेने त्यांचे पाणी उतरते. वरच्या-खालच्या कडपट्ट्यांना भोके पाडणे तर सर्वथा वर्ज्य, भोक पाडायचेच तर ते दांड्याच्या उभ्या बाजूला. धुराडी, हवेच्या टाक्या, बॅटरीची पेटी, कधी डिझेलची टाकीही हलवावी लागते. केबिन रबरी उशांवर बसलेली असते आणि खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते, म्हणून केबिन आणि स्लीपर एकमेकांना ताठ जखडले तर दाराच्या कोपऱ्यांपाशी पत्रा फाटू लागतो; त्यासाठी दोहोंमध्ये लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची लवचीक रबरी पट्टी देतात. पीटरबिल्ट आणि केनवर्थ या ट्रक-कंपन्यांच्या कित्येक केबिनी ॲल्युमिनियमच्या. त्यांना पोलादी पेटी उघडी भिडवली तर ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजून भुकटी होते, तेव्हा मध्ये विद्युतरोधक थर हवा. धूर आत येणार नाही याची खात्री तर पुनःपुन्हा करावी लागते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही.

यांतले जवळजवळ सगळे उद्या उलटवता येते. धुराडे जागी परतते, टाकी परतते. परतत नाही ती केबिनची कापलेली पाठ. छत आणि दोन्ही दारांच्या चौकटी यांना एकत्र धरून ठेवणारी ही भिंत असते, तिला भोक पाडल्यावर भोवती नवी चौकट बसवावीच लागते, आणि सत्तर वर्षे टिकलेला पत्रा एका दुपारी जातो. कारखान्यातून जसा निघाला तसाच ट्रक राहावा असे मानणारे जतनकर्ते इथे हात जोडून थांबतात, आणि त्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. तरी ती पूर्णपणे पटणारी नाही. काम करणारा ट्रक कारखान्यातल्या रूपात क्वचितच राहिला. त्याचे इंजिन बदलले, धुऱ्या बदलल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने लांबचे भाडे मिळाले म्हणून जुन्या बाजारातून पेटी आणून पाठीला लावली. हा फेरफारही त्या वस्तूचा इतिहासच आहे, आणि पहिल्या दिवसाची नक्कल म्हणजे उरलेल्या सगळ्या दिवसांचे विस्मरण आहे. तेव्हा आत खरोखर कुणी झोपणार असेल तर भिंत कापावी, रिव्हेटांनी जोडलेला पत्रा असेल तर रिव्हेट काढून तो अखंड बाजूला जपून ठेवावा. केवळ बाजूने पाहताना रेषा लांब आणि देखणी दिसावी म्हणून आत वाट नसलेली पोकळ पेटी टांगणे ही मात्र दिखाऊगिरी होय.

यात एक कायदेशीर मेख आहे. वर सांगितलेली मापे ट्रकच्या जन्मसालावर ठरत नाहीत, बर्थ कोणत्या तारखेला बसवला त्यावर ठरतात. १९५५ च्या ट्रकवर त्याच काळातली अस्सल, २१ इंच रुंदीची पेटी आज मिळवून हुबेहूब बसवली आणि तो ट्रक भाड्याच्या कामाला लावला, तर त्या पेटीतली झोप विश्रांती म्हणून धरली जाणार नाही. तिला २४ इंचच हवेत. १९७५ मध्ये ठरलेला हा आकडा अद्याप बदललेला नाही.