कुंभारीण आणि कॅमेरा

निवृत्त शासकीय अधिकाऱ्यांचे साधारणतः दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातले सकाळी फिरावयास जाऊन महागाई भत्त्याची चर्चा करतात. दुसऱ्या वर्गातले कुठल्या तरी मंडळाचे अध्यक्ष होतात. आमची गणना यांपैकी एकाही वर्गात होत नाही, याचे घरच्यांना थोडे वैषम्यच वाटते. कारण गेली दोन वर्षे आमची सकाळ इंदूरच्या आमच्या जुन्या घराच्या परसात, कढीलिंबाखाली उकिडवे बसून, कॅमेऱ्याला डोळा लावण्यात जाते. आणि समोर असतो एखादा कोळी, नाकतोडा किंवा निव्वळ माशी. राज्याच्या जलसंसाधन विभागात चौतीस वर्षे धरणांचे व कालव्यांचे नकाशे पाहिल्यानंतर अर्ध्या इंचाच्या जगात शिरावेसे वाटले, यात आम्हांस तरी काही विपरीत दिसत नाही.

हा छंद नवख्याला प्रथम अंकगणित शिकवतो. किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटावा, म्हणजे एकास एक प्रमाण साधावे, यासाठी खास मॅक्रो लेन्स मिळते. तिची किंमत ऐकून आम्ही पोकळ नळ्यांची वाट धरली. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे ५० मिलिमीटर लांबीच्या नळ्या जोडल्या की ते प्रमाण साधते. नळ्यांत काच नसते, नुसती हवा. पण हवेचेही मोल द्यावे लागते : सेन्सरवर पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. शिवाय एफ-११ इतके छिद्र बारीक केले तरी स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. कोळ्याचे डोळे रेखीव आले की त्याचे पोट धुक्यात जाते. छिद्र आणखी बारीक करीत जावे तर प्रकाशाचे विवर्तन होऊन सगळेच चित्र मऊ पडते. तेव्हा फ्लॅश हवा, आणि त्याचा झगमगाट निववण्यासाठी पुढे ट्रेसिंग पेपर. (हा कागद बाजारातून विकत आणलेला आहे, याची लेखापरीक्षकांनी नोंद घ्यावी.)

या फ्लॅशचे आमच्या वयावर मोठे उपकार आहेत. साठी उलटल्यावर हाताला कंप येतो; पण फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान, त्यामुळे तो कंप चित्रात उतरत नाही. लेन्सचे कडे फिरवून फोकस साधण्याच्याही भानगडीत पडू नये. कॅमेरा स्थिर धरून आपण स्वतःच केसभर पुढे, केसभर मागे झुलावे आणि डोळे स्पष्ट दिसले की बटण दाबावे. थंडीतल्या सकाळी हे अधिक साधते. अंगावर ऊन येईपर्यंत किड्यांना हालचाल करणे जड जाते. ती घाई आम्हांसही नसते.

भिंतीवर उड्या मारीत फिरणारा छोटा कोळी मात्र निराळा. त्याच्या आठ डोळ्यांपैकी कडेच्या डोळ्यांना आपली हालचाल जाणवते आणि तो गर्रकन वळून पुढचे दोन टपोरे डोळे आपल्यावर रोखतो. त्या डोळ्यांची भिंगे जागची हलत नाहीत. आतला पडदा तेवढा हलतो, आणि म्हणून एकाच कोळ्याचे डोळे एका चित्रात काळेभोर, तर दुसऱ्यात पिंगट येतात. आम्ही त्याला पाहतो की तो आमची तपासणी करतो, हे ठरविणे कठीण. चौतीस वर्षांत इतकी भेदक नजर आम्ही एकाच महालेखाकार कार्यालयाच्या प्रतिनिधीची पाहिली होती.

चित्रे जमत गेली तसा नावांचा प्रश्न आला. पुस्तकांत इंग्रजी आणि लॅटिन नावे, शेजाऱ्यांकडे हिंदी, नातवंडांकडे सगळ्यांना मिळून ‘बग’ हा एकच शब्द. मराठी नावे घरात एकाच व्यक्तीपाशी उरली आहेत, ती म्हणजे आमची आत्या. वय एक्याण्णव. परवाचे जेवण तिला आठवत नाही, पण पुढचे पाय जोडून बसलेल्या हिरव्या किड्याचे चित्र पाहताच ती म्हणाली, “हा खंडोबाचा किडा.” होळकरांचे कुलदैवत खंडोबा, त्यांच्या नगरीत चार पिढ्या काढलेल्या घरात हे नाव शिल्लक असावे याचे आम्हांस अप्रूप वाटले. तेव्हापासून आम्ही एक वही घातली आहे. ती सांगते, आम्ही लिहितो. काही दिवशी ती एकही नाव सांगत नाही.

त्या वहीत कुंभारीण आली, आणि तिथे आमची पंचाईत झाली. ओसरीत, विजेच्या मीटरच्या पेटीवर, बारीक कमरेची ही गांधीलमाशी चिखलाची घरटी बांधते. लहानपणी दिवेलागणीला आत्यानेच आम्हांस तिची गोष्ट सांगितली होती : भृंगी किड्याला धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, त्याच्या कानाशी गुणगुणते, आणि तिचाच ध्यास घेऊन किडा भृंगी होऊन बाहेर पडतो. भक्ताने देवाचे चिंतन करावे ते असे. संतवाङ्मयात हा दृष्टान्त ठायी ठायी येतो, आणि आत्याचे सारे वैधव्य या एका दृष्टान्ताच्या आधारावर गेले आहे, असे म्हटले तरी चालेल.

गतवर्षी रंगाऱ्याच्या पत्र्याने घरट्याची एक खोली खरवडली गेली. आत अकरा कोळी होते. त्यांपैकी एकाच्या पोटाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे अंडे चिकटलेले. गवताच्या काडीने स्पर्श केला तेव्हा एका कोळ्याचा पाय किंचित हलला. कुंभारीण त्यांना ठार मारीत नाही, डंख करून लुळे करते. ठार मारले तर ते कुजतील. अंड्यातून निघालेली अळी हे ताजे अन्न खाते, कोष करते, आणि पंख फुटले की माती पोखरून बाहेर येते. हिच्या काही नातलगांच्या घरट्यांत कोळ्यांऐवजी सुरवंट असतात. दृष्टान्तातला किडा बहुधा तोच असावा. जुन्या माणसांचे निरीक्षण काही थोडे नव्हते. गुणगुणही खरी आहे, कारण चिखल थापताना ती अंग थरथरवते. फक्त मधली एक पायरी मातीआड होती, आणि ती आता आमच्या कॅमेऱ्यात आली होती.

हे चित्र आत्याला दाखवावे की नाही, यावर सौ.चे आणि आमचे दोन दिवस एकमत होईना. “एक्याण्णवाव्या वर्षी तिला हे कळून काय व्हायचे आहे?” हा सौ.चा प्रश्न बिनतोड होता. परंतु आत्यानेच विचारले, “कुंभारणीचा फोटो काढलास म्हणे, तो कुठे आहे?” तिच्याशी खोटे बोलण्याची आम्हांस सवय नाही. टेलिव्हिजनच्या पडद्यावर चित्र लावले आणि जे पाहिले ते सांगितले.

ती बराच वेळ पाहत राहिली. अंडे कुठले, ते दोनदा विचारून घेतले. मग म्हणाली, “म्हणजे खाऊन टाकते.”

“हो, आत्या.”

“आणि शेवटी बाहेर कोण येते?”

“कुंभारीणच येते.”

“मग झाला की तो किडा तिच्यासारखा. निराळा उरला कुठे?” आणि तिने जपाची माळ हाती घेतली.

यावर काय टिपणी लिहावी, ते आम्हांस अद्याप सुचलेले नाही. वहीत कुंभारणीपुढे आम्ही दोन्ही मजकूर लिहून ठेवले आहेत, पुस्तकातला आणि तिचा.

सध्या तिला मृगाचा किडा पाहावयाचा आहे. हिंदीतली बीरबहूटी, संस्कृतातला इंद्रगोप. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीतून निघणारा मखमली लाल जीव. आमच्या अंगणात तो पूर्वी ओंजळीने सापडे. आता अंगणभर फरशी आहे. तेव्हा २०२२ साली रामसर यादीत आलेल्या सिरपूर तलावाच्या काठी जाऊन पालथे पडावे लागणार. त्यासाठी एक जुने पोते आणि गुडघ्यांचा पट्टा काढून ठेवला आहे. वाढ झालेल्या या जिवाला आठ पाय असतात, म्हणून तो किडा नव्हे, कोळ्याच्या गोतातला आहे, असे आम्ही आत्याला सांगून पाहिले. तिचे म्हणणे, आधी फोटो आण, पाय मी मोजीन.