पिकअपचा खांदा

आमच्या आबांना जे ठाऊक होतं, तेच अमेरिकेत पिकअपच्या दारावर छापून चिकटवलेलं असतं! मला हे कळलं त्या दिवशी मी डेन्व्हरच्या एका शोरूमच्या आवारात, भर उन्हात, उघड्या दारासमोर उभा होतो आणि मला चिखली तालुक्यातलं आमचं खळं दिसत होतं. तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलो आहे. आता लिहूनच काढतो.

झालं असं. लेकीनं आणि जावयांनी एक ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली समजा. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळं. फक्त इंजिन नाही. ती खोली ओढायला पुढे दणकट गाडी लागते, आणि ती निवडायची होती आम्ही दोघं तिथं असतानाच. घरात चार दिवस दुसरा विषय नव्हता.

पेट्रोल की डिझेल, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे ओढायचं म्हटलं की डिझेल, यात दुसरा विचारच नाही. ट्रॅक्टर डिझेलचा, ट्रक डिझेलचा. म्हणून मी डिझेलचीच बाजू लावून धरली. जावयांनी वही काढली. तिथं मोठ्या पिकअपला डिझेल इंजिन घ्यायचं तर किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास वाढते. धूर स्वच्छ करणारं वेगळं द्रावण भरत राहावं लागतं. देखभाल महाग. यांच्या सहली वर्षातून पाच-सहा. आणि मला पटलेला मुद्दा पुढेच होता : डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड असतं, की तेवढं वजन गाडीच्या वाहून नेण्याच्या हिशेबातून आधीच वजा होतं. बैलानं जू वाहण्यातच दम घालवला तर माल काय वाहणार? ठरलं, पेट्रोल. तिकडे पेट्रोलला गॅस म्हणतात, म्हणून या गाड्या ‘गॅस ट्रक’.

मग इंजिनांची ओळख सुरू झाली आणि मी हरखूनच गेलो. फोर्डच्या एफ-१५० मधलं साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन ४०० अश्वशक्तीचं! आपला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा वाचा. शिवाय डेन्व्हरच मुळात ५,२८० फूट उंचीवर. तिथून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो ११,००० फुटांच्याही वर. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते, कारण हवा विरळ होत जाते. म्हणजे बोगद्यापाशी पोहोचेतो एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे त्याची घट फार कमी. मी म्हटलं, झालं की मग, हीच घ्या! माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ११,००० पौंड लिहिलेली, म्हणजे जवळपास पाच टन. आपला ट्रेलर पूर्ण भरून ७,५०० पौंडांचा. हिशेब मिटला.

तेव्हा लेकीनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. “बाबा, हे वाचा.” माणसं आणि सामान मिळून १,४८० पौंडांपेक्षा जास्त वजन गाडीवर घालू नका, असं त्यावर छापलेलं. त्या पट्टीवरचा आकडा त्या एकाच गाडीचा असतो. तेच मॉडेल, पण काचेचं छत किंवा जास्तीच्या सोयी असल्या की आकडा खाली येतो.

आम्ही बोनेटवरच वही ठेवून बेरीज मांडली. चार मोठी माणसं आणि दोन नातवंडं : ७३० पौंड. शेगडी, सरपण, बर्फाची पेटी : १९०. ट्रेलर जोडायचा लोखंडी सरंजाम : १००. आणि मग ती ओळ आली, जिच्यापायी हा लेख लिहितो आहे. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर टेकतो, त्याचा भारही गाडीवरच पडतो. तो भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. तेरा टक्के धरले तर ९७५ पौंड. एकूण १,९९५. पट्टीवर १,४८०!

“हवा म्हणजे? कमी असला तर बरंच की,” मी विचारलं.

“नाही बाबा. दांड्यावर भार कमी पडला की ट्रेलर मागून शेपूट हलवतो, गाडीलाही फिरवतो.”

आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, “अगं, म्हणजे उलाळ!”

वऱ्हाडात ज्यानं बैलगाडी भरलेली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. माल आखाच्या मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. धूर, म्हणजे गाडीची पुढची दांडी, वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि गळ्यातलं जोतं फास लागल्यासारखं आवळतं. माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते. सगळं ओझं मानेवर येतं आणि चार दिवसांत बैलाचा खांदा येतो. आबा कापसाची गाडी खामगावच्या बाजारासाठी भरायचे, तेव्हा जुंपण्याआधी धूर हातानं उचलून बघायचे. नुसत्या हातानं! थोडा भार लागला पाहिजे, फार नको. ना काटा, ना टक्केवारी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून ते शेकायचे, ती खांदशेकणी मी लहानपणापासून बघत आलो. पण खांद्याचं इतकं कौतुक का, हे मला सत्तरीला टेकल्यावर, परक्या देशातल्या एका पट्टीनं समजावलं. ओढणं छातीचं काम, पण ते शक्य होतं खांद्यामुळे. पिकअपलाही खांदा असतो, आणि त्याचं माप त्या दारावर लिहिलेलं असतं!

पुढची निवड सोपी झाली. दोन मोठ्या गाड्या पाहून अखेर एफ-२५० घेतली, ७.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. हे इंजिन २०२० च्या मॉडेलपासून आलं. आठ सिलिंडर, ४३० अश्वशक्ती, टर्बो नाही. उंचीवर ताकद घटणार हे कबूल, पण पट्टीवरचा आकडा ३,००० पौंडांच्या वर. चढाला दहा मैल कमी वेगानं जाऊ, खांदा मात्र शाबूत राहील. माझं मत आजही तेच आहे.

पहिल्या सहलीला २८५ नंबरच्या रस्त्यानं निघालो. दहा हजार फुटांवरचा केनोशा घाट चढताना इंजिन मोठ्यानं गुरगुरत होतं, पण कुठं अडलं नाही. घाट ओलांडल्यावर साउथ पार्कचं मैदान लागतं. अफाट सपाटी, आणि वारा सुटलेला. एक मोठा ट्रक शेजारून सुसाटत गेला आणि आमची गाडी मागून कोणी धरून हलवावी तशी डोलायला लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर हेलकाव्याला थोडी जास्त. जावयांनी गाडीचा ब्रेक दाबला नाही! ॲक्सिलरेटर सोडला आणि डॅशबोर्डखालचा एक छोटा खटका सरकवला. त्यानं फक्त मागच्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागून ताणला गेला आणि दोन क्षणांत सरळ.

मी अक्षरशः टाळी वाजवली. आबा घाट उतरताना गाडीमागे बाभळीचं ओंडकं दोरानं बांधायचे. ते रस्त्यावर घासत यायचं, धूळ उडायची, आम्ही पोरं त्याच्यामागे धावायचो. मागून ताण असला की गाडी बैलांवर चढत नाही आणि वाकडी होत नाही. त्याच कामासाठी इथं विजेचा ब्रेक आणि एक खटका!

फेअरप्ले गावात थांबून पाहिलं. पाण्याची टाकी ट्रेलरच्या मागच्या अंगाला, आणि आम्ही ती काठोकाठ भरलेली : दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो. मुलांच्या सायकलीही मागेच टांगलेल्या. उलाळ होणार नाही तर काय! टाकी रिकामी केली, सायकली पिकअपमध्ये घेतल्या, डब्यांच्या पेट्या ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात सरकवल्या. त्यानंतर तीन दिवस ट्रेलर गाईच्या पाठीमागे वासरू यावं तसा आला. परतताना ट्रकच्या थांब्यावरच्या काट्यावर वजन केलं. तिथल्या काट्याला तीन वेगळे फलाट असतात, पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचा भार वेगवेगळा छापून मिळतो. तो कागद मी जपून आणला आहे.

माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा ठरतो कसा, तेही तिथंच कळलं. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ सुमारे ११ मैलांचा एक चढ आहे. कोणती पिकअप किती ओढू शकते हे जाहीर करण्याच्या चाचणीत तोच चढ प्रमाण धरलेला आहे : भर उन्हाळ्याची उष्णता, आतला एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण वजन, आणि वेग ठरलेल्या मर्यादेखाली जाता कामा नये. हे ऐकल्यापासून मला आपला राजूर घाट आठवतो. मोताळ्याकडून बुलढाण्याला भरली ट्रॉली चढवणाऱ्या प्रत्येकानं ही परीक्षा दिलेली आहे. घाटावरचे आणि घाटाखालचे अशी ज्या जिल्ह्याची ओळख, त्याच्याइतकं ओढण्याचं शास्त्र दुसऱ्या कोणाला कळावं?

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते खळ्यात जाऊन पुतण्याची दोन चाकी ट्रॉली पाहण्याचं. सोयाबीनची पोती भरून ठेवलेली, बरीचशी मागच्या फळीला टेकलेली, कारण उतरवायला सोपं. मी त्याला वहीतली बेरीज दाखवली. आखाच्या थोडं पुढे भार असला की तो ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांवर दाबतो आणि चिखलात पकड मिळते. फार पुढे गेला तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन उचलतात आणि स्टीअरिंग ऐकत नाही. मागे गेला तर उलाळ, आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत, फिरवत नेणार. आमच्या ट्रॉलीला तर ब्रेकच नव्हता. पुतण्यानं मुकाट्यानं चौदा पोती पुढे ओढली. ब्रेकचं कामही त्यानं मनावर घेतलं आहे.

तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे. या हंगामात ट्रॉली भराल तेव्हा पिन घालण्याआधी दोन पावलं बाजूला होऊन दांड्याकडे बघा. तो हुकावर दाबून बसलेला हवा, वर उचललेला नको. आणि घरात बैलगाडी हाकलेलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांना हात धरून खळ्यात न्या आणि विचारा, आबा, गाडी उलाळ तर नाही ना?